थॉमस ओल्डहॅम : एका खात्याची उभारणी

दिल्लीत पिढ्यान्‌पिढ्या नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना सरकारी खाते म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. आस्थापना, मंजूर पदे, रिक्त जागा, फिरतीचा भत्ता, मार्चअखेर हे शब्द आपल्या घरांतील मुलांच्या कानांवर बाराखडीबरोबरच पडत आले आहेत. द्वारकेतल्या सोसायट्यांत आज निवृत्तीनंतर स्थिरावलेल्या कितीतरी गृहस्थांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे कुठल्या ना कुठल्या खात्याची गाडी चालती ठेवण्यात वेचली आहेत. परंतु चालत्या गाडीत बसणे निराळे आणि चाके, आस, बैल व वंगण हे सारे स्वतः जमवून गाडी उभी करणे निराळे. ज्या पुरुषाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्याने हे दुसरे काम केले. थॉमस ओल्डहॅम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे पहिले अधीक्षक. भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत त्यांचे नाव खडकांच्या व जीवाश्मांच्या संदर्भात येते. या लेखात मात्र त्यांच्याकडे पैसा आणि माणसे यांची जुळवाजुळव करणारा कारभारी म्हणून पाहावयाचे आहे. कारण पंचवीस वर्षे त्यांचा खरा झगडा खडकांशी कमी आणि या दोन गोष्टींशी अधिक होता.

ओल्डहॅम यांचा जन्म ४ मे १८१६ रोजी आयर्लंडमध्ये डब्लिन येथे झाला. तेथील ट्रिनिटी कॉलेजातून १८३६ साली पदवी घेऊन ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोस गेले, आणि तेथे रॉबर्ट जेमिसन या नामांकित प्राध्यापकांच्या सहवासात त्यांना भूगर्भशास्त्राची गोडी लागली. परत आल्यावर त्यांना आयर्लंडच्या लष्करी मोजणी खात्यात कॅप्टन पोर्टलॉक यांच्या हाताखाली काम मिळाले.

ही पहिली नोकरी त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली असे मला वाटते. त्या मोजणी खात्याने एक भव्य संकल्प सोडला होता. नुसते नकाशे न काढता प्रत्येक परगण्याची जमीन, खडक, शेती, लोकवस्ती, पुराणवस्तू असा साद्यंत वृत्तांत छापून काढावयाचा. एका परगण्याचा एक जाडजूड ग्रंथ १८३७ साली बाहेर पडला, आणि त्याचा खर्च पाहून वरिष्ठांचे डोळे पांढरे झाले. १८४० साली सरकारने त्या संकल्पाला पूर्णविराम दिला. जमवलेली टिपणे दप्तरांत बांधून ठेवली गेली. पोर्टलॉक यांनी आपल्या वाट्याचे भूगर्भविषयक काम १८४३ साली कसेबसे ग्रंथरूपाने वाचवले. विद्वत्ता, उत्साह आणि परिश्रम यांची वाण नसतानाही एखादे सर्वेक्षण केवळ खर्चाच्या आकड्याने कसे मरते, हे विशी-बाविशीतल्या ओल्डहॅम यांनी असे अगदी जवळून पाहिले.

पुढची दहा वर्षे भराभर चढत्या पायऱ्यांची होती. १८४५ साली ट्रिनिटी कॉलेजात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापकपद, १८४६ साली आयर्लंडच्या भूगर्भ सर्वेक्षणाचे स्थानिक संचालकपद आणि १८४८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व. डब्लिनजवळच्या ब्रे या टेकाडाच्या अतिप्राचीन खडकांत त्यांना पंख्यासारख्या नाजूक रेषांचे ठसे सापडले होते. त्यांना ‘ओल्डहॅमिया’ हे नाव मिळाले आणि ते आजही चालू आहे. मात्र ज्या काळात ते संचालक होते तो आयर्लंडच्या इतिहासातला सर्वांत काळा काळ होता. बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली, लक्षावधी देशोधडीला लागली. अशा दिवसांत खडकांच्या मोजणीसाठी माणसे आणि पैसा मागणाऱ्या संचालकाची काय स्थिती होत असेल, याची कल्पना करता येते.

१८५० साली त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचे बोलावणे आले. करार पाच वर्षांचा होता.

कंपनीला भूगर्भशास्त्रज्ञ हवा होता तो शास्त्रासाठी नव्हे. गंगेत आगबोटी फिरू लागल्या होत्या, रेल्वेच्या योजना आखल्या जात होत्या, आणि या साऱ्यांना कोळसा हवा होता. विलायतेहून जहाजांतून येणारा कोळसा महाग पडे. दामोदर नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे हे माहीत होते, पण किती आहे, कोठवर पसरला आहे, हे सांगणारा कोणी नव्हता. म्हणून १८४५ च्या अखेरीस डेव्हिड विल्यम्स नावाच्या सर्वेक्षकाची नेमणूक झाली. ‘भारताचे भूगर्भ सर्वेक्षण’ हे शब्द प्रथम त्यांच्याच १८४७ च्या नकाशावर उमटले. परंतु दोन-अडीच वर्षांतच ते हत्तीवरून पडले, पाठोपाठ जंगली तापाने त्यांना गाठले, आणि नोव्हेंबर १८४८ मध्ये ते व त्यांचे साहाय्यक जोन्स दोघेही दगावले. म्हणजे सारे खातेच एका तापाने पुसले गेले. जॉन मॅक्‌क्लेलंड या डॉक्टरांनी मधल्या काळात काम सांभाळले. ते निवृत्त होताना ओल्डहॅम कलकत्त्यास पोहोचले.

तो दिवस ४ मार्च १८५१ चा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आजही हाच आपला स्थापनादिन मानते. पस्तिशीच्या उंबरठ्यावरच्या या आयरिश गृहस्थाच्या हाती त्या दिवशी काय आले? खात्याच्या इतिहासात सांगितले जाते ते असे की, एक खोली, एक शिपाई आणि एक लेखनिक. आधीच्यांनी जमवलेली नीटशी दप्तरे नाहीत, उपकरणे नाहीत, ग्रंथ नाहीत. आणि समोर हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेला देश.

येथून ओल्डहॅम यांचे खरे चरित्र सुरू होते. सरकारची अपेक्षा साधी होती : कोळसा कोठे आहे ते सांगा, लोखंड कोठे आहे ते सांगा, आणि लवकर सांगा. एखाद्या कलेक्टराला आपल्या जिल्ह्यात काळा चकाकता दगड सापडला की तो ओल्डहॅम यांच्याकडे येई, आणि ताबडतोब कोणीतरी जाऊन पाहावे असा हुकूम पाठोपाठ येई. असे प्रत्येक हुकुमासरशी धावत राहिले असते, तर त्यांचे वरिष्ठ खूश राहिले असते आणि पाच वर्षांनी हाती चार-दोन सुटे अहवाल उरले असते. ओल्डहॅम यांनी सरकारपुढे मांडलेला युक्तिवाद याच्या नेमका उलट होता. देशाचा भूगर्भीय नकाशा नसताना कोळसा शोधणे म्हणजे अंधारात सुई शोधणे होय. कोणता स्तर कोणत्या स्तराच्या वर आहे, कोणता खाली, हे एकदा कळले की कोळसा कोठे असू शकेल हे कळते. आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, तो कोठे असणे शक्यच नाही हेही कळते. जेथे कोळसा नाही तेथे विहिरी खणण्यात जाणारा पैसा वाचला, की त्या बचतीतूनच सर्वेक्षणाचा खर्च निघतो. हिशेबनिसाला पटेल असा हा शास्त्रीय विचार होता, आणि ओल्डहॅम यांच्या सर्व यशाचे मूळ त्यात आहे.

पण नकाशा काढावयाचा तर माणसे हवीत, आणि माणसे मिळवणे हेच सर्वांत बिकट काम होते. भूगर्भशास्त्राचे शिक्षण घेतलेले तरुण विलायतेतही थोडे होते. त्यातून जो हुशार असे त्याला तेथेच नोकरी मिळे. जो हिंदुस्थानात यावयास तयार होई, त्याने हिवाळ्याचे सहा-सात महिने तंबूत काढावयाचे, हत्ती, उंट किंवा बैलगाडीवर सामान लादून रस्ता नसलेल्या रानांतून हिंडावयाचे, पावसाळ्यात कलकत्त्यास परतून नकाशे रंगवावयाचे व अहवाल लिहावयाचे, आणि विल्यम्स व जोन्स यांचे काय झाले ते विसरावयाचे. ओल्डहॅम यांनी प्रथम आपल्या ओळखीतली माणसे आणली. आयर्लंडच्या सर्वेक्षणात काम केलेले जोसेफ मेडलिकट त्यांच्या पाठोपाठ आले. नंतर त्यांचे बंधू हेन्री आले. गॉलवेच्या प्राध्यापकांचे चिरंजीव विल्यम किंग आले. सुरुवातीच्या त्या मंडळींची नावे वाचताना कलकत्त्यात आयर्लंडचेच एखादे लहानसे मंडळ स्थापन झाले होते की काय, असे वाटावे. परमुलखात काम उभारणारा माणूस पहिल्यांदा आपल्या गावच्या माणसाला पत्र धाडतो, हे आपणांस ठाऊकच आहे.

१८५५ साली लंडनच्या खाणशाळेत शिकलेले दोघे भाऊ रुजू झाले. थोरले विल्यम ब्लँफर्ड तेवीस वर्षांचे, धाकटे हेन्री एकवीस वर्षांचे. ओल्डहॅम यांनी त्यांना ओरिसातील तालचेर येथे कोळसा पाहण्यासाठी धाडले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी थिओबाल्ड यांनी कोळसा पाहिलाच. पण त्या थरांच्या तळाशी त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. अगदी बारीक, वस्त्रगाळ म्हणावी अशा मातीत मोठमोठे गोटे रुतून बसले होते. जे पाणी इतकी बारीक माती संथपणे खाली बसू देते, ते एवढे गोटे वाहून आणणार कसे? या तरुणांनी उत्तर दिले की, हे गोटे बर्फाने आणले. ओरिसाच्या उन्हात बसून, एके काळी येथे बर्फ होते असे म्हणावयास धैर्य लागते. अनुभवी अधीक्षकाने असा निष्कर्ष अहवालातून काढून टाकला असता तरी कोणी दोष दिला नसता. ओल्डहॅम यांनी तो १८५६ मध्ये खात्याच्या ‘मेमॉयर्स’ या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात छापला. अनेक वर्षे पुष्कळांनी त्यावर माना हलवल्या. मग त्याच खात्यातील फेडन यांना आपल्या चांदा जिल्ह्यात, पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ, झिलई केल्यासारखा गुळगुळीत आणि समांतर ओरखडे पडलेला खडक सापडला. सरकत्या बर्फाखाली खडकावर जशा खुणा उमटतात तशाच त्या होत्या. त्यांचे टिपण १८७५ साली प्रसिद्ध झाले. ज्या चंद्रपूरच्या उन्हाळ्याची आपल्याकडे म्हण झाली आहे, त्याच चंद्रपूरने हिमयुगाची साक्ष द्यावी, हा योग मोठा गमतीचा आहे.

१८५६ मध्ये पाच वर्षांचा करार संपला. सर्वेक्षण गुंडाळले गेले नाही. लॉर्ड कॅनिंग यांच्या कारकिर्दीत त्याला स्थैर्य आले, आस्थापना वाढली, आणि १८५७ मध्ये मद्रास इलाख्यात स्वतंत्र तुकडी काम करू लागली. तोच उठावाचा वणवा पेटला. वर्षभराने कंपनीचे राज्य गेले, राणीचे आले, आणि तिजोरीला पडलेल्या खिंडारामुळे सर्वत्र काटकसरीचे वारे वाहू लागले. आयर्लंडमधला धडा येथे उपयोगी पडला असे मानावयास जागा आहे. ओल्डहॅम यांनी कधी एकदम मोठी फौज मागितली नाही. त्यांचे शास्त्रीय मनुष्यबळ जेमतेम डझन-दीड डझन माणसांचे राहिले. मात्र प्रत्येक मोसमाचे काम छापून बाहेर पडलेच पाहिजे, हा नियम त्यांनी घातला. ‘मेमॉयर्स’च्या पाठोपाठ १८६१ पासून जीवाश्मांची सचित्र ग्रंथमाला ‘पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका’ निघाली, आणि १८६८ पासून लहान टिपणांसाठी ‘रेकॉर्ड्‌स’ हे नियतकालिक सुरू झाले. दप्तरात बांधलेले टिपण कोणीही विसरू शकतो; छापलेला ग्रंथ लंडन, व्हिएन्ना, बर्लिन येथे पोहोचतो, तेथील विद्वान त्याची वाखाणणी करतात, आणि मग ते काम बंद पाडणे अवघड होते. शिवाय या ग्रंथांच्या मोबदल्यात परदेशी संस्थांची प्रकाशने येऊ लागली, आणि ज्या खात्याकडे एके काळी पुस्तके नव्हती त्याच्याजवळ आशियातले एक उत्तम भूगर्भशास्त्रीय ग्रंथालय उभे राहिले. कवडीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचीच ही युक्ती.

माणसे मिळवली तरी ती टिकवणे दुष्कर होते. इतर खात्यांत पगार व बढतीची आशा अधिक आणि हाल कमी. हेन्री मेडलिकट १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षे रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होते. ओल्डहॅम यांना त्यांचे काम मिळे ते अध्यापनातून उरलेल्या वेळात. हेन्री ब्लँफर्ड १८६२ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले ते गेलेच, आणि पुढे त्यांनी हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा पाया घातला. विल्यम ब्लँफर्ड खात्यात राहिले, पण सरकारने त्यांना कधी अबिसिनियाच्या मोहिमेबरोबर, तर कधी इराणच्या सरहद्दीवर उसने नेले. एका हाताने पदे मंजूर करावयाची आणि दुसऱ्या हाताने त्या पदांवरची माणसे काढून न्यावयाची, ही रीत काही आजची नव्हे.

मग ओल्डहॅम यांनी जाळे दूर टाकले. विलायतेत जीवाश्मांचे जाणकार मिळेनात, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून फर्डिनंड स्टॉलिच्का यांना १८६२ साली आणले. पुढे वागेन आणि फाइस्टमँटेल आले. ब्रिटिश सरकारच्या खात्यात परकी माणसे भरताना त्यांनी गुण पाहिला, जन्मस्थान पाहिले नाही. स्टॉलिच्कांनी दक्षिण हिंदुस्थानच्या खडूयुगीन जीवाश्मांवर केलेले प्रचंड काम आजही आधारभूत मानले जाते. १८७३ मध्ये ते यार्कंदच्या मोहिमेबरोबर मध्य आशियात गेले आणि परतताना, १९ जून १८७४ रोजी, लडाखच्या उंच वाळवंटात मुर्गो येथे त्यांना मृत्यूने गाठले. वय अवघे छत्तीस. लेह येथे त्यांची समाधी आहे. ओल्डहॅम यांच्या यादीतले एक पद त्या दिवशी रिकामे झाले. ते भरता येण्यासारखे नव्हते.

आता थोडे आपल्या मुलखाविषयी. ओल्डहॅम यांची माणसे येण्यापूर्वी महाराष्ट्रात हे शास्त्र नव्हतेच असे नाही. मुंबईत हेन्री कार्टर या डॉक्टरांनी ठिकठिकाणची माहिती संकलित करून १८५४ मध्ये हिंदुस्थानच्या भूगर्भाचा आढावा लिहिला होता. नागपुरास १८४५ पासून राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी, धर्मप्रचार आणि शाळा सांभाळून, टाकळीच्या व आसपासच्या खडकांतून मासे, शिंपले, वनस्पती यांचे जीवाश्म जमवले आणि लंडनच्या विद्वानांना चकित केले. त्यांच्या मागे ना खाते होते ना मंजुरी. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले आणि त्यांच्याबरोबर ते कामही थांबले. नागपूरकरांना त्यांचे नाव कॉलेजामुळे माहीत आहे. एकट्या माणसाची विद्वत्ता आणि संस्थेचे सातत्य यांतला फरक समजावून घ्यावयाचा असेल, तर हिस्लॉप आणि ओल्डहॅम यांच्याकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. बुद्धीने हिस्लॉप उणे नव्हते. त्यांच्यामागे त्यांची वही उघडणारा दुसरा माणूस नेमलेला नव्हता, एवढेच.

ओल्डहॅम यांच्या खात्यातर्फे विल्यम ब्लँफर्ड यांनी तापी व नर्मदेची खोरी पायी व घोड्यावरून पालथी घातली. सह्याद्रीपासून माळव्यापर्यंत पसरलेला आपला काळा पाषाण, ज्यात वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली गेली आणि ज्यावर शिवछत्रपतींचे गड उभे राहिले, तो समुद्राच्या तळाशी नव्हे तर उघड्या जमिनीवर थरांवर थर वाहत आलेल्या लाव्हाचा आहे, हे त्यांनी सप्रमाण दाखवले. त्यांचा तापी-नर्मदा खोऱ्यांवरचा ग्रंथ १८६९ चा. ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातील कोळशाचे क्षेत्र तपासले. त्यांचा वृत्तांत १८७७ साली छापला गेला. वरोऱ्याची सरकारी खाण याच दशकातली. मुंबईकडच्या आगगाडीला समुद्रापलीकडून कोळसा आणावा लागे त्या काळात विदर्भाच्या भूमीत हे धन मोजून, नकाशावर रंगवून मिळाले. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी बेळगाव, कलादगी, कोल्हापूर हा दक्षिण महाराष्ट्राचा प्रदेश पाहिला. त्यांच्या १८७६ च्या ग्रंथाच्या नावातच मराठा मुलूख आहे. गोकाकजवळ त्यांना नामशेष झालेल्या गेंड्याची हाडे मिळाली. हेच फूट पुढे १८९१ मध्ये निवृत्त झाल्यावर सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात भूगर्भाच्या पाहणीसाठी गेले. चार प्रांतांत विखुरलेल्या त्या संस्थानाचा भूगर्भवृत्तांत १८९८ साली प्रसिद्ध झाला. १८९४ मध्ये म्हैसूर संस्थानाने स्वतःचे भूगर्भ खाते काढले, तेव्हा त्याची मांडणी करावयासही फूट यांनाच पाचारण झाले. ओल्डहॅम यांच्या एका खोलीतल्या बिऱ्हाडाचे असे संस्थानी संसार झाले.

या साऱ्या वृत्तांतात एक गोष्ट मनाला बोचल्यावाचून राहत नाही. ज्या अधीक्षकाने ऑस्ट्रियातून माणसे शोधून आणली, त्याच्या खात्यात पहिली बावीस वर्षे शास्त्रीय कामावर एकही हिंदी माणूस नव्हता. तंबू ठोकणारे, सामान वाहणारे, वाट दाखवणारे, खडकांचे नमुने गोणींत भरून कलकत्त्यास पोहोचवणारे आणि तापाने तितक्याच सहजतेने मरणारे सारे येथलेच होते. त्यांची नावे ‘मेमॉयर्स’च्या पानांवर शोधून सापडत नाहीत. १८७३ च्या सुमारास रामसिंग, किशनसिंग आणि हिरालाल हे तिघे उमेदवार म्हणून घेतले गेले, आणि पुढे साहाय्यकांच्याही खालच्या पायरीवर स्थिरावले. ओल्डहॅम यांच्या नंतरच्या अधीक्षकांच्या मनात तर हिंदी माणसाच्या शास्त्रीय कुवतीविषयी उघड अविश्वास होता. प्रमथनाथ बोस हे पहिले हिंदी अधिकारी नेमले गेले ते १८८० साली, लंडनहून शिकून आल्यावर; आणि १९०३ मध्ये त्यांच्या मागाहून दहा वर्षांनी लागलेल्या हॉलंड यांना संचालक केले गेले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. नंतर मयूरभंज संस्थानात त्यांनी शोधलेल्या लोहखनिजावर टाटांचा पोलाद कारखाना उभा राहिला, हे सर्वविदित आहे. खात्याचे पहिले हिंदी संचालक मा. कृष्णन झाले ते १९५१ मध्ये, ओल्डहॅम कलकत्त्यास उतरल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. आरंभीची भरती ज्या वळणाने झाली, ते वळण मोडावयास एक शतक लागले. ओल्डहॅम यांच्या कर्तृत्वाचे माप घेताना हा उणा आकडा वगळता येणार नाही. पैशाची चणचण, माणसांची वाण अशी तक्रार आयुष्यभर करणाऱ्या त्या चतुर कारभाऱ्याला दाराशी उभे असलेले मनुष्यबळ दिसले नाही, की दिसूनही चालले नाही?

स्वतः ओल्डहॅम कचेरीत बसून हुकूम सोडणारे अधीक्षक नव्हते. पहिल्याच वर्षी ते खासी टेकड्यांत चेरापुंजीच्या धो धो पावसात हिंडले, राजमहालच्या डोंगरांत जीवाश्म वनस्पती गोळा केल्या, १८५५ साली ब्रह्मदेशच्या राजाकडे गेलेल्या वकिलातीबरोबर आव्यापर्यंत जाऊन आले. विंध्य पर्वतरांगेच्या खडकांना ‘विंध्यन’ हे नाव त्यांनी दिले, आणि ते जगभर रूढ झाले. हिंदुस्थानच्या कोळशाच्या साठ्यांविषयी त्यांनी तयार केलेले अहवाल विलायतेतील मंत्र्यांच्या टेबलापर्यंत पोहोचले. बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे अनेकदा आले. १८७५ साली रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल पदक दिले. तोवर शरीर खचले होते. १८७६ मध्ये त्यांनी हेन्री मेडलिकट यांच्या हाती सूत्रे दिली आणि ते इंग्लंडला परतले. ज्या नकाशासाठी त्यांनी पहिल्या दिवसापासून हट्ट धरला होता, तो संपूर्ण देशाचा नकाशा त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत तयार झाला, आणि मेडलिकट व ब्लँफर्ड यांचा हिंदुस्थानच्या भूगर्भावरचा मोठा ग्रंथ १८७९ साली निघाला. तो पाहावयास ओल्डहॅम नव्हते. १७ जुलै १८७८ रोजी रग्बी येथे, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांचे एक काम अपुरे राहिले होते. १८६९ साली काचारच्या भूकंपाची पाहणी करताना, हिंदुस्थानात पूर्वी झालेल्या सर्व भूकंपांची टाचणे काढून ठेवावी असे त्यांच्या मनात आले. त्या टाचणांसाठी ना वेगळे पद होते ना वेगळी रक्कम. इतर कामांतून वेळ काढून बखरी, प्रवासवर्णने, वर्तमानपत्रे चाळून ती जमत गेली. वडिलांच्या मृत्यूनंतर वर्षभराने त्यांचे चिरंजीव रिचर्ड त्याच खात्यात रुजू झाले. पुढे १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास करून, आणि त्यानंतर १९०६ साली पृथ्वीच्या पोटात एक निराळा गाभा आहे हे भूकंपलहरींवरून दाखवून, ते वडिलांहूनही अधिक प्रसिद्ध झाले. पण तरुणपणी त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे वडिलांची ती टाचणे नीट लावून छापणे. १८८३ साली ती यादी ‘मेमॉयर्स’मध्ये प्रसिद्ध झाली. १७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे धौला कुआँजवळ केंद्र असलेल्या धक्क्याने आपण द्वारकावासी अंथरुणातून उठून जिने उतरलो होतो. त्यानंतर दिल्लीच्या भूकंपांचा इतिहास ज्यांनी ज्यांनी चाळला असेल, त्यांना १७२० च्या जुलैमध्ये शहाजहानाबादेत तट आणि घरे पाडणाऱ्या भूकंपाचा उल्लेख आढळला असेल. थॉमस ओल्डहॅम यांच्या यादीत तो नोंदलेला आहे.